मिडी कीबोर्ड घेताय? या चुका टाळा

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की मिडी कीबोर्डमध्ये (याला मिडी कंट्रोलरही म्हणतात) स्वतःचा आवाज नसतो. कोणती की दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली एवढंच तो कॉम्प्युटरला कळवतो, आवाज काढायचं काम तिकडच्या सॉफ्टवेअरचं, त्यामुळे केबल लावल्यावर काहीच ऐकू आलं नाही तर पीस खराब आहे असं लगेच ठरवू नका.

घेताना होणारी मोठी चूक म्हणजे पॅड, लाईट आणि स्क्रीन बघून भुलणं. वाजवणाऱ्याला आधी हवा असतो तो चांगला की-बेड, म्हणजे कीज आणि त्यांच्याखालची यंत्रणा, आणि नेमका तिथेच पैसा वाचवलेला असतो. वेलॉसिटी, म्हणजे की किती जोरात दाबली त्याचा आकडा, १ ते १२७ असा असतो, पण हलक्या दर्जाच्या कीजवर मधल्या पायऱ्या सापडतच नाहीत, एकतर एकदम हळू नाहीतर एकदम ठणठणीत. दुकानात एकच सूर हळूहळू जोर वाढवत वाजवून बघा आणि पांढरी पट्टी मागच्या बाजूला, काळ्यांच्या मधे दाबून बघा, तिथे फार जड लागली तर तो कीबोर्ड सोडा. घरी आणल्यावर मात्र आधी वेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे किती जोराला किती आकडा जायचा ते सेटिंग, बदलून बघा, बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

पेटी वाजवणाऱ्यांनी २५ कीजचा घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. साडेतीन सप्तकांची सवय असलेला हात दोन सप्तकांत अडकतो आणि मग सारखं ऑक्टेव्हचं बटण दाबत बसावं लागतं. ४९ कीज म्हणजे चार सप्तकं, तेवढी पुरतात.

आता मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं. कीबोर्डवर हे पिच बेंडच्या व्हीलने करतात आणि ते साधारणपणे दोन सेमीटोनवर (एक सेमीटोन म्हणजे लगतच्या पट्टीपर्यंतचं अंतर) सेट असतं, म्हणजे सा वरून जेमतेम रे पर्यंत, त्यामुळे लोक म्हणतात व्हील बेकार आहे. व्हील फक्त स्वतःची जागा कळवतं, सूर किती सरकवायचा हे सॉफ्टवेअरमधल्या साउंडच्या सेटिंगमध्ये ठरतं. तिथे ५ किंवा ७ करून बघा, एकदम १२ केलं तर बारीक ताबा राहत नाही. आफ्टरटचसाठी, म्हणजे की दाबून ठेवल्यावर वरून दिलेला दाब ओळखण्याच्या सोयीसाठी, जास्त पैसे देताय तर चॅनल आहे का पॉलिफोनिक हे विचारा. चॅनलवाल्यात एक बोट दाबलं की सगळ्या सुरांवर परिणाम होतो, पॉलिफोनिकमध्ये प्रत्येक कीचा दाब वेगळा जातो, पण तुमच्या साउंडला तो कळत नसेल तर ते पैसे वायाच.

सस्टेन पेडल (पायाने दाबून सूर लांबवायचं) उलटं चालतंय, म्हणजे पाय काढला की सूर लांबतो? बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची स्थिती तपासतात, तेव्हा पाय बाजूला ठेवून बंद करून परत चालू करा. काही पेडलला खाली स्विचही असतो.

आवाज उशिरा येत असेल तर ब्लूटूथ हेडफोन काढा, वायरवाला लावा. मग बफर बघा, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे किती सॅम्पल (बारीक तुकडे) साठवून पाठवतो ते, ४४,१०० हर्ट्झला ५१२ सॅम्पल म्हणजे साधारण ११.६ मिलिसेकंद आणि १२८ म्हणजे २.९, आणि ही फक्त बफरची वेळ झाली, बाकीचा उशीर वेगळा. विंडोजवर ऑडिओ इंटरफेसचा (कॉम्प्युटरला आवाजासाठी जोडायच्या डब्याचा) एएसआयओ, म्हणजे कमी उशिरात आवाज पोचवणारा, ड्रायव्हर टाकलेला नसेल तर नुसता बफर कमी करून भागत नाही, आवाज तुटायला लागतो.

आणि कार्यक्रमाच्या आधी ट्रान्सपोज (पट्टी वर-खाली करायचं सेटिंग) शून्यावर आहे ना बघा, घरी काळी एकचा रियाज करताना बदललेलं तसंच राहिलं तर स्टेजवर तबला एका पट्टीत आणि तुम्ही दुसऱ्या.