कार्यालयप्रमुखांनो, फाइल तुंबते तिथे या चुका टाळा

नव्या साहेबांनी पदभार घेतला की सगळं कार्यालय त्यांचे शेरे वाचत असतं. पुढं काम कसं करायचं, हे त्या शेऱ्यांवरून ठरतं.

सर्वांत महागात पडतो तो ‘चर्चा करावी’ हा शेरा. मी महसूल खात्यात लिपिक असताना एका अकृषिक (शेतजमिनीच्या बिगरशेती वापराच्या) परवानगीच्या फाइलवर तो चार वेळा आला. दर वेळी फाइल काखेत धरून मी दालनाबाहेर उभा, आणि साहेब व्हीसीत (व्हिडिओ बैठकीत) नाहीतर दौऱ्यावर. अर्जदार खेटे घालून थकला. मी मात्र शिकलो की टिपणीत स्वतःचं मत मांडायचंच नाही, ‘आदेशार्थ सादर’ लिहून मोकळं व्हायचं. चांगला कारकून असा बिघडतो. शंका असेल ती टिपणीखालीच लिहा. बोलायचंच असेल तर शेऱ्यात दिवस आणि वेळ टाका. २००५ च्या बदल्या व दप्तरदिरंगाईच्या कायद्यानुसार कुठल्याही शासकीय कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे कामाच्या सात दिवसांहून जास्त राहता कामा नये. त्यात साहेबांचं टेबलही आलं.

दुसरी चूक म्हणजे भर आढावा बैठकीत ‘कारणे दाखवा’ची धमकी. तिचा परिणाम पुढच्याच महिन्यात दिसतो. प्रलंबितच्या रकान्यात ‘निरंक’ आणि कपाटात गठ्ठे. असा संशय आला तर टेबलापाशी जा, सहा गठ्ठे पद्धतीतले (कागद सहा प्रकारांत वेगळे बांधून ठेवायची पद्धत) प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन प्रकरणांचे गठ्ठे सोडायला सांगा आणि प्रत्येक कागद कुठं अडलाय ते विचारा. ओरडू नका. निम्मी प्रकरणं दुसऱ्या कार्यालयाच्या अहवालासाठी थांबलेली निघतील, आणि तिथं फोन साहेबांनीच करावा लागतो.

सगळं काम एकाच हुशार माणसावर टाकू नका, तो रजेवर गेला की शाखा बंद पडते. आणि कुणालाच काही न बोलणारे साहेबही नकोत, वेळेवर काम करणाऱ्याचा हुरूप त्यानं जातो.

अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखीना यांनी १९८० च्या दशकात कर्मचाऱ्यांच्या बसण्याची रचना आणि अभिलेखांची मांडणीच बदलली. त्यांनी नुसतं माणसांना दटावलं नाही, अडचण व्यवस्थेत शोधली. म्हणूनच ‘लखीना पॅटर्न’ हे नाव राहिलं.

त्या अकृषिकच्या फाइलवर नव्या साहेबांनी लिहिलं, ‘मत नोंदवून उद्या ११ वाजता सादर करा.’ त्या रात्री मी घरी बसून टिपणी लिहिली, माझ्या मतासह.