बिनभिंगाचा थ्रीडी मायक्रोस्कोप घरच्या घरी

होलोग्राफी, म्हणजे वस्तूवरून आलेल्या प्रकाशलहरींची नक्षी टिपून त्यातून थ्रीडी चित्र परत उभं करणं, म्हटलं की लेझर, जड टेबल, अंधारी लॅब असं सगळं डोळ्यासमोर येतं, पण आपला मायक्रोस्कोप ज्या इन-लाइन पद्धतीवर (दिवा, थेंब, सेन्सर एका रेषेत) चालतो तिला यातलं काहीच लागत नाही, खालून पुण्याची पीएमपीची बस गेली तरी चालतं. भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गाबोरने 1948 ला ती मांडली तेव्हा लेझर जन्मालाच यायचा होता, तो आला 1960 ला.

सामानात रास्पबेरी पाय (हाताएवढा छोटा कॉम्प्युटर), त्याचा व्ही2 कॅमेरा (पिक्सेल 1.12 मायक्रॉनचा, बारीक पिक्सेल हवाच), हिरवा एलईडी, रेझिस्टर आणि किचनमधली फॉइल. एलईडी वगैरे पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ सुटं मिळतं. पांढरा एलईडी घेऊ नका, सगळे रंग मिसळले की कणांभोवती प्रकाशाच्या ज्या रिंगा पडायला हव्यात त्या पुसल्या जातात.

कॅमेऱ्याचं भिंग फिरवून पूर्ण काढून टाका, आणि उघड्या सेन्सरला बोट लावू नका प्लीज. दोन कव्हरस्लिपमध्ये (मायक्रोस्कोपच्या पातळ काचा) पाषाण तलावाच्या पाण्याचा थेंब घ्या, सेन्सरच्या जमेल तितका जवळ ठेवा, मिलिमीटरभर अंतर असलं तर उत्तम. एलईडीपुढे फॉइल लावून सुईच्या नुसत्या टोकाने भोक पाडा. इथेच सगळी गंमत आहे बघा: भोक 0.1 मिमी आणि एलईडी 10 सेंमीवर असेल तर सेन्सरवर सावलीची कड जेमतेम 1 मायक्रॉन पसरते, म्हणजे पिक्सेलएवढीच. पण सुईने बहुतेक 0.3 मिमीचं भोक पडतं, मग एलईडी सरळ 30 सेंमीवर न्या, हिशोब तोच येतो.

फोटो रॉमध्येच (सेन्सरचा कच्चा डेटा) काढा, जेपीईजी नको. एक थेंबासकट, एक नुसत्या रिकाम्या कव्हरस्लिपचा, दोन्हीतले हिरवे पिक्सेल घेऊन पहिल्याला दुसऱ्याने भागा म्हणजे धुळीचे डाग जातात. उरतात त्या रिंगा, तोच होलोग्राम.

आता पायथनमध्ये नमपाय या गणिती लायब्ररीने एफएफटी काढा (चित्राचं लहरींमध्ये विघटन), अँग्युलर स्पेक्ट्रमच्या फॅक्टरने (प्रकाश किती अंतर मागे न्यायचा ते सांगणारा) गुणा, मग उलटा एफएफटी. हे अंतर 0.02 मिमीने बदलत गेलात की आधी एका खोलीवरचं शेवाळ शार्प होतं, मग त्याखालचं, आणि फोटो मात्र एकच काढलेला असतो!

प्रत्येक कणाभोवती एक भुतासारखी पुसट रिंग राहते, तिला ट्विन इमेज म्हणतात, ती गाबोरलाही छळत होती. 1962 मध्ये लीथ आणि उपाटनिक्स या संशोधकांनी रेफरन्स किरण (वस्तूला न भेटता थेट येणारा प्रकाश) तिरका टाकून ती वेगळी केली, पण त्याला लेझर लागतो आणि मग ते जड टेबलही आलंच, त्यामुळे शेवाळ ओळखू येतंय तोवर भूत राहू द्या.