अंटार्क्टिकाची बोट बुक करताना हे आधी विचारा
इंदूरहून कोणी पेंग्विन बघायला अंटार्क्टिकाला निघालं असेल तर भाड्याच्या आधी बोटीवर पॅसेंजर किती ते विचारा, कारण एका जागी एका वेळी जास्तीत जास्त 100 जणांनाच उतरवतात, म्हणजे बोट मोठी तर बसा नंबर लावून, आणि 500 च्या वर पॅसेंजर असले तर उतरणंच नाही, डेकवरूनच बघायचं, मग एवढा खर्च कशाला! उतरण्याआधी जॅकेटचे खिसे, वेल्क्रो, बॅगेच्या शिवणी सगळं व्हॅक्यूमने साफ करावं लागतं, बाहेरचं बी-बियाणं तिकडे जाऊ नये म्हणून. लौंगसेव नेलीच असेल तर केबिनमध्येच ठेवा (खिशात चुरा राहतोच हो). पेंग्विनपासून 5 मीटर लांब राहायचं, तोच अंगावर आला तर गपचूप बाजूला सरकायचं. जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा, थंडीत फटाफट उतरते.