मराठी लेखनासाठी टॅब्लेट निवडताना कळफलक आणि स्क्रीन कशी पारखावी

टॅब्लेटच्या स्क्रीनचा आकार कर्णाच्या लांबीने, इंचांत सांगितला जातो; टंकलेखन करणाऱ्याला मात्र त्या आकड्याचा थेट उपयोग नसतो, कारण बोटांना जागा मिळते ती रुंदीतून. म्हणून दुकानात जाताना मोजपट्टी बरोबर ठेवावी. संगणकाच्या नेहमीच्या कळफलकावर शेजारच्या दोन कळांच्या मध्यबिंदूंमधील अंतर सुमारे १९ मिलिमीटर असते. लांबी-रुंदीचे प्रमाण १६:१० असलेला ११ इंची टॅब्लेट आडवा ठेवल्यास त्याची स्क्रीन सुमारे २३.७ सेंटिमीटर रुंद भरते आणि एका ओळीत बारा कळा धरल्या तरी प्रत्येकीला तेवढी जागा सहज मिळते. ८.७ इंची टॅब्लेटवर हीच रुंदी १९ सेंटिमीटरच्या आसपास असल्याने प्रत्येक कळेच्या वाट्याला १६ मिलिमीटरही येत नाहीत, आणि दहा बोटांनी लिहिण्याची सवय असलेल्याच्या चुका वाढतात.

लहान टॅब्लेट उभा धरून दोन अंगठ्यांनी लिहिणे हेच त्याचे खरे बलस्थान आहे, कारण ११ सेंटिमीटरच्या रुंदीवर दोन्ही अंगठे मध्यापर्यंत पोहोचतात. मोठा टॅब्लेट हातात धरून लिहायचे असेल, तर जीबोर्डमध्ये (गूगलच्या कळफलक अ‍ॅपमध्ये) कळफलक दुभंगण्याची किंवा तरंगता ठेवण्याची सोय आहे. आयपॅडवर कळफलकावर दोन बोटे ठेवून चिमटीत आवळल्यास तो लहान होऊन हवा तेथे सरकवता येतो. आडव्या स्क्रीनवर पूर्ण कळफलक उघडला की जवळपास निम्मी जागा जाते, त्यामुळे १६:१० पेक्षा ४:३ च्या जवळचे प्रमाण असलेल्या स्क्रीनवर मजकुराच्या ओळी अधिक दिसतात. तरीही काचेवर बोटे टेकवून ठेवता येत नाहीत, आणि रोज पानभर लिहिणाऱ्याने वेगळा कळफलक घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तो घेताना मराठी लेखकाने एक गोष्ट आवर्जून तपासावी. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कळ-मांडणीत स्वर आणि मात्रा बहुतांशी डाव्या हाताला, तर व्यंजने उजव्या हाताला असतात, आणि उजवा हात थेट कडेच्या कळांपर्यंत जातो. ‘डॉक्टर’ हा शब्द लिहून पाहावा: त्यातील ड, ॉ आणि ट या तिन्ही कळा उजव्या टोकाला आहेत. लहान टॅब्लेटसाठीच्या आवरणवजा (टॅब्लेटच्या कव्हरलाच जोडलेल्या) कळफलकांत जागा वाचवण्यासाठी नेमक्या याच कळा अरुंद केलेल्या किंवा दुसरीकडे हलवलेल्या असतात. रोमन अक्षरे टंकून मराठी उमटवणाऱ्याला ही अडचण फारशी जाणवत नाही. इनस्क्रिप्ट वापरणाऱ्याचा वेग मात्र प्रत्येक वाक्यात अडखळतो. बाहेरून जोडलेल्या कळफलकासाठी मराठीची मांडणी सेटिंगमध्ये निवडता येते का, हेही पैसे देण्यापूर्वी दुकानातच पाहावे.

आवरणवजा कळफलकात स्क्रीन कळांना जोडलेलीच राहते आणि मान खाली वाकते. स्टँडवर उंच ठेवलेला टॅब्लेट आणि समोर सुटा ब्लूटूथ कळफलक ही रचना मानेला सोयीची असते, मात्र प्रवासात ती गैरसोयीची ठरते. वजनाचाही विचार करावा: आयपॅड मिनी सुमारे ३०० ग्रॅमचा आहे, तर १२.९ इंची आयपॅड प्रोच्या २०२२ च्या आवृत्तीचे वजन सुमारे ६८० ग्रॅम होते.

स्क्रीनची सुबकता आकारावर नव्हे, तर एका इंचात किती पिक्सेल (चित्र घडवणारे सूक्ष्म ठिपके) बसवले आहेत यावर अवलंबून असते. सॅमसंग गॅलेक्सी टॅब ए७ लाइटची ८.७ इंची स्क्रीन १३४० × ८०० पिक्सेलची, म्हणजे इंचाला सुमारे १७९ पिक्सेल, ८.३ इंची आयपॅड मिनीच्या २०२१ च्या आवृत्तीत हेच प्रमाण ३२६ आहे. आकार जवळपास सारखा, पण अक्षरांत मोठा फरक पडतो. देवनागरीत रेघेच्या वर आणि खाली बारीक खुणा असल्याने हा फरक लवकर डोळ्यांत भरतो. ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द सर्वांत लहान आकारात उघडावा. रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून डाग दिसत असेल, तर ती स्क्रीन दीर्घ वाचनासाठी घेऊ नये.

दुकानातील दिव्यांखाली प्रत्येक स्क्रीन चांगली दिसते, म्हणून परवानगी घेऊन टॅब्लेट दाराजवळच्या उजेडात न्यावा आणि तिरका धरून पाहावा. वरची काच आणि तिच्याखालचे चित्र उमटवणारे पटल यांच्यात हवेची फट असलेल्या स्क्रीनवर प्रतिबिंब अधिक उमटते आणि अक्षरे काचेखाली खोल गेल्यासारखी दिसतात. अमोलेड स्क्रीनवर (जिचा प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाशतो) काळा रंग गडद येतो, पण प्रकाश अगदी कमी केल्यावर काहींच्या डोळ्यांना तिची सूक्ष्म लुकलुक त्रास देते. रात्री वाचणाऱ्याने प्रकाश उतरवून काही मिनिटे वाचून पाहावे. १२० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारी, स्क्रीन पाने सरकवताना सुखद वाटते, लेखनात तिचा लाभ किरकोळ आहे. प्रतिबिंब टाळण्यासाठी मॅट फिल्म (चकाकी नसलेला पातळ पापुद्रा) लावण्याचा आग्रह दुकानदार धरतात, परंतु ती लावल्यावर अक्षरे किंचित रवाळ दिसतात, तेव्हा आधी दुकानातील फिल्म लावलेल्या नमुन्यावर मराठी मजकूर वाचून घ्यावा.