नवीन फायबर जोडणीवर स्वतःचा राउटर कसा लावावा

फायबरची जोडणी द्यायला आलेला माणूस भिंतीवर एक पांढरा डबा बसवतो, आपल्या मोबाइलवर वायफाय चालू करून दाखवतो आणि ओटीपी घेऊन निघतो. आठवड्याभरात कळतं की आतल्या खोलीत रेंज पोचत नाही. मग आपण चांगला राउटर विकत आणतो आणि अडकतो, कारण तो जोडायला लागणारी माहिती त्या माणसाकडे होती. म्हणून हा लेख शक्यतो जोडणी होण्याआधी वाचा. जोडणी झाली असेल तर तीच माहिती कस्टमर केअरकडून काढावी लागते, त्यात दोन-चार फोन जातात इतकंच.

आधी तो डबा समजून घ्या. त्याला ओएनटी म्हणतात आणि तो एकाच वेळी दोन कामं करतो. फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचं तारेतल्या सिग्नलमध्ये रूपांतर करणं हे पहिलं. तो नेट घरभर वाटणं, म्हणजे राउटर आणि वायफाय, हे दुसरं. पहिलं काम दुकानातला साधा राउटर करू शकत नाही. त्याला फायबर लावायची जागाच नसते, शिवाय ओएनटीचा अनुक्रमांक कंपनीकडे नोंदलेला असतो. तेव्हा डबा राहणारच. आपल्याला त्याचं दुसरं काम तेवढं काढून घ्यायचं आहे.

फायबरची हिरव्या टोकाची पिन उगाच काढू नका. टोकाला बोट लागलं तरी त्यावर तेलकट थर बसतो. तिच्यात डोळा लावून तर कधीच पाहू नका, आतला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो. वायर कोपऱ्यात घट्ट दुमडली की सिग्नल मार खातो. डब्यावरचा एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल लुकलुकला तर बिघाड फायबरमध्ये आहे, राउटरची कितीही सेटिंग बदलली तरी तो जाणार नाही.

आता त्या माणसाला विचारायचे प्रश्न. नेट पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्डने लॉगिन) आहे की डीएचसीपीवर (लॉगिनशिवाय पत्ता आपोआप मिळतो)? पीपीपीओई असेल तर युजरनेम आणि पासवर्ड काय? व्हीलॅन क्रमांक (एकाच तारेतलं नेट, फोन वेगळं ठेवणारा आकडा) कोणता? डबा ब्रिज मोडला टाकून मिळेल का, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करून नेट सरळ आपल्या राउटरकडे सोडता येईल का? मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधलेला आहे का, म्हणजे नोंदलेल्याच उपकरणाला नेट मिळतं का? गल्लीतले छोटे केबलवाले बहुधा तो बांधून ठेवतात, मग नवा राउटर लावताच नेट बंद होतं आणि एक फोन करून नवा पत्ता नोंदवून घ्यावा लागतो. उत्तरं कागदावर लिहून घ्या, शिवाय डब्याच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढा. तो माणूस घरात असतानाच लॅपटॉपला लॅनची वायर लावून वेग मोजा. पुढे काही बिघडलं तर हाच आकडा तुलनेला कामी येतो.

राउटर घेताना खोक्यावर एकच गोष्ट नक्की पाहा: वॅन (नेट आत येण्याचा) आणि लॅन (घरातली उपकरणं जोडण्याचा) पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे, आहेत का. कित्येक स्वस्त राउटरवर वायफायचा आकडा ‘१२००’ असा मोठा छापलेला असतो, पण पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. टीपी-लिंकचा आर्चर सी५० तसा आहे, आर्चर सी६ ला गिगाबिट पोर्ट आहेत. ३०० एमबीपीएसचा प्लॅन असून वेग ९४-९५ च्या वर जात नसेल तर एक तर पोर्ट १०० चा आहे, नाही तर वायरीच्या आठपैकी चारच तारा जोडलेल्या आहेत. आमच्या घरी दुसरं कारण होतं. टोकाची क्लिप नव्याने मारल्यावर त्याच प्लॅनचा वेग तिप्पट दिसू लागला.

जोडायचे तीन मार्ग आहेत. तुम्हाला राउटर कशासाठी हवा आहे त्यावर मार्ग ठरवा.

फक्त रेंज हवी असेल तर राउटर ॲक्सेस पॉइंट मोडला टाका, म्हणजे तो फक्त वायफाय देतो आणि राउटरचं काम ओएनटीच करत राहतो. बहुतेक राउटरच्या सेटिंगमध्ये हा पर्याय असतो. ओएनटीच्या लॅन पोर्टमधून वायर काढून राउटरला लावा, दोन्ही बँडना (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) नाव-पासवर्ड द्या, झालं. घरातला प्रिंटर, टीव्ही, मोबाइल सगळे एकाच नेटवर्कात राहतात. बहुतेक घरांना एवढंच पुरतं.

मुलांच्या मोबाइलला वेळेची मर्यादा किंवा पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय अशा राउटरच्या सोयी हव्या असतील तर त्याला राउटर मोडमध्येच ठेवून ओएनटीच्या मागे जोडा. वायर ओएनटीच्या लॅनमधून राउटरच्या वॅनमध्ये, आणि वॅनचा प्रकार डीएचसीपी. इथे एक अडचण हमखास येते. दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ असला तर ते भांडतात, म्हणून आपल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.५०.१ असा काही तरी वेगळा करा. जिओच्या डब्याचा पत्ता १९२.१६८.२९.१ असतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न सहसा येत नाही.

या मांडणीत नेट दोन राउटरमधून जातं, त्याला डबल नॅट म्हणतात. त्याचा बाऊ करण्याचं कारण नाही. व्हिडिओ, बँकेची कामं, ऑफिसचा व्हीपीएन सगळं नीट चालतं. अडतं ते बाहेरून घरात यायचं असेल तेव्हा: पोर्ट फॉरवर्ड करून (बाहेरून येणाऱ्याला घरातल्या एका उपकरणाची वाट देऊन) कॅमेरा पाहणं, घरी सर्व्हर ठेवणं, काही ऑनलाइन खेळ.

तेवढ्यासाठी तिसरा मार्ग, ब्रिज मोड. पण त्यावर वेळ घालवण्याआधी ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर (ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला की उघडतं) वॅनचा आयपी पत्ता पाहा. तो १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटला आहे. अशा वेळी डबा ब्रिज केला तरी जुन्या आयपीव्ही४ पत्त्यावरून बाहेरून आत येता येत नाही. आधी स्टॅटिक आयपी, म्हणजे आपल्या एकट्याचा न बदलणारा पत्ता, मागावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे पडतात.

ब्रिज करायचंच ठरलं तर आधी ओएनटीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. मग कंपनीकडूनच डबा ब्रिज करून घ्या आणि राउटरमध्ये वॅनचा प्रकार पीपीपीओई करून युजरनेम-पासवर्ड भरा. व्हीलॅन क्रमांक एकाच ठिकाणी टाकायचा, ओएनटीत किंवा राउटरमध्ये. एमटीयू (एका पाकिटातल्या माहितीची कमाल लांबी) १४९२ ठेवा. पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नसेल तर बहुधा जुनं लॉगिन कंपनीकडे अजून उघडं असतं. दोन्ही डबे बंद करून दहा मिनिटं थांबा. त्याच डब्यावर लँडलाइन असेल तर ब्रिज झाल्यावर डायल टोन येतो का हे तो माणूस जाण्याआधी तपासा. ओएनटीचं रीसेट बटण दाबलं की ही सगळी मेहनत पुसली जाते, तेव्हा त्यावर चिकटपट्टी लावा आणि घरच्यांना सांगून ठेवा.

मार्ग कुठलाही असो, ओएनटीचं वायफाय बंद करा, नाही तर मोबाइल त्या कमजोर रेंजलाच चिकटून बसतो. राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, उघड्यावर ठेवा. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि सिमेंटच्या भिंती रेंज खातात. ओएनटी दाराजवळ असला तर तिथून लॅनची वायर १०० मीटरपर्यंत नेता येते. राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा आणि फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करून घ्या.

आपल्याकडे लाइट जाते, म्हणून छोटा यूपीएस घ्याच. मात्र आता डबे दोन आहेत, तेव्हा दोन्ही त्यावर चालले पाहिजेत. दोन्ही अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत, आणि यूपीएसचे अँपिअर दोघांच्या बेरजेहून कमी नकोत. जोडून झालं की मेन स्विच पाडा आणि अर्धा तास नेट टिकतं का ते बघा.