लॅटिन 'हाबेरे' आणि त्याचे वंशज: या चुका टाळा

लॅटिन 'हाबेरे' म्हणजे जवळ असणे, बाळगणे. इंग्रजी 'हॅव'चा अर्थ तोच आणि उच्चारही जवळचा. म्हणून 'हॅव' हा 'हाबेरे'तून आला, असं अनेकजण बिनदिक्कत सांगतात. हे साफ चूक आहे.

शब्दांचं रूप जुळतं का, हे पाहून भागत नाही. ध्वनी नियमाने बदललेत का, ते तपासा. लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला 'क' असेल, तर इंग्रजीतल्या सख्ख्या शब्दात 'ह' मिळतो: 'केंतुम' आणि 'हंड्रेड', 'कानिस' आणि 'हाउंड'. संस्कृतात तिथेच 'श' आहे: शतम्, श्वन्. इंग्रजीच्या जर्मानिक कुळातले हे बदल जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये सूत्रबद्ध केले. त्या हिशेबाने 'हॅव'चा लॅटिन भाऊ 'क'ने सुरू व्हायला हवा, आणि तो आहेही: 'कापेरे', म्हणजे पकडणे. 'कॅप्चर' त्याच घरातला. उलट लॅटिन 'ह'समोर इंग्रजीत 'ग' येतो, जसं 'होस्तिस' आणि 'गेस्ट'. म्हणूनच बरेच अभ्यासक 'हाबेरे'चं नातं 'गिव्ह'शी जोडतात. घेणं आणि देणं एकाच मुळातून निघावं, हे मला फार सुंदर वाटतं.

'डोनेशन' आपल्या 'दान'पासून निघाला, हा दावाही सोडा. दोन्ही एकाच आदिम धातूचे, पण वेगवेगळ्या शाखांवर वाढलेले.

'हाबेरे'ची खरी इंग्रजी वंशावळ म्हणजे हॅबिट, एबल, एक्झिबिट, प्रोहिबिट. कर्ज या अर्थाचा 'डेट'सुद्धा: 'दे' अधिक 'हाबेरे' मिळून 'देबेरे', म्हणजे दुसऱ्याचं आपल्याकडे ठेवून असणं, देणं लागणं. हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात 'ब' नव्हता. पंडितांनी लॅटिन मूळ दाखवायला तो लेखनात घुसवला, उच्चारात मात्र कधीच आला नाही.

'हेबिअस कॉर्पस'चा अर्थ 'तुझ्याकडे देह आहे' असा करू नका. त्यासाठी 'हाबेस' लागलं असतं. 'हाबेआस' हे आपल्या विध्यर्थासारखं रूप आहे: त्या माणसाला तू हजर करावंस. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ आणि २२६ खालचा हा प्राधिलेख, म्हणजे न्यायालयाचा लेखी आदेश, माणसाला ताब्यात ठेवणाऱ्याला हुकूमच देतो.

स्पॅनिश शिकणाऱ्यांसाठी: 'माझ्याकडे पुस्तक आहे' म्हणताना 'आबेर' वापरू नका. तो 'हाबेरे'चाच वंशज असला तरी मालकीचं काम आता 'तेनेर' करतो. 'आबेर' उरला तो मुख्यतः सहायक क्रियापद म्हणून, आणि भविष्यकाळाच्या प्रत्ययात दडून: लॅटिन 'कांतारे' (गाणे) अधिक 'हाबेओ', म्हणजे 'मला गायचं आहे', त्याचं स्पॅनिशमध्ये झालं शेवटच्या 'रे'वर जोर असलेलं 'कांतारे', मी गाईन.