संदेष्ट्यांची आशेची वचनं वाचताना या चुका टाळा

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले (२९:११) ‘हिताचे संकल्प’ शुभेच्छापत्रांवर हमखास दिसतात. दहावीच्या निकालाला, नव्या नोकरीला, कशालाही. गडबड अशी, की त्याच्या आधीचं वचन कुणी वाचत नाही. तिथे सत्तर वर्षं लिहिली आहेत. हे वचन यिर्मयाच्या पत्रातलं, आणि पत्र इ.स.पू. ५९७ मध्ये बंदी करून बाबेलला (बॅबिलोनला) नेलेल्या यहुदी लोकांना आहे: घरं बांधा, बागा लावा, इतक्यात सुटका नाही. ‘दोनच वर्षं, मग सगळे परत’ असं सांगणारा खोटा संदेष्टा हनन्या होताच की! लोकांना तोच आवडला असणार. वचन उचलण्याआधी आगेमागे दहा ओळी वाचा.

दुसरी चूक म्हणजे आशा हा नुसता धीराचा शब्द समजणं. यिर्मयाचाच अध्याय ३२ उघडा. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत घे. शहर पडणार हे यिर्मयानं स्वतःच सांगितलेलं, तरी तो सतरा शेकेल चांदी तोलून देतो. साक्षीदारांच्या सह्या होतात. खरेदीखताच्या दोन प्रती, एक मोहरबंद, एक उघडी. आपला लेखनिक बारूख याला सांगतो, मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकायला हवीत. मला यातलं सगळ्यात खरं वाटतं ते पुढचं. व्यवहार उरकल्यावर तो प्रार्थनेत देवालाच विचारतो, शहर शत्रूच्या हाती चाललंय आणि तू मला शेत घे म्हणतोस? त्यालाही कोडंच होतं.

यहेज्केल संदेष्ट्याच्या ३७व्या अध्यायात सुकी हाडं जिवंत होण्याचा दृष्टान्त आहे; त्यावरून थेट मेलेल्यांच्या पुनरुत्थानावर उडी मारू नका. अकरावं वचन आधी वाचा: ही हाडं म्हणजे ‘आमची आशा नष्ट झाली’ म्हणणारं इस्राएलाचं घराणं.

एरवी शिक्षेचीच भाषा बोलणारा संदेष्टा आमोस नवव्या अध्यायात अचानक गोड का होतो, इथे बरेच जण अडतात. शेवटची पाच वचनं नंतरची असावीत, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणून ती गाळायची नाहीत. दाविदाचं खोपट, म्हणजे दावीद राजाचं घराणं, तिथेही पडकंच आहे.

आणि बाबेलहून परतल्यावर सगळं पूर्ववत झालं, असं तर मुळीच धरू नका. पारसाचा (इराणचा) राजा कोरेश यानं इ.स.पू. ५३८ मध्ये परवानगी दिली, लोक आले, मंदिराचा पाया घातला. पुष्कळ जण आनंदानं ओरडत होते, पहिलं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्यानं रडत होते. एज्राचं पुस्तक म्हणतं, हर्षाचा आवाज कुठला आणि रडण्याचा कुठला, कुणाला ओळखू येईना.